आषाढात अडलेली पाटी

मेजावरच्या गोल करवतीवर लाकूड आडवे कापायचे, तर ते नुसत्या हाताने रेटू नये. त्याला सरकत्या पाटीवर बसवावे. पाटीखालच्या दोन पट्ट्या मेजाच्या खाचांतून धावतात आणि वरची उभी फळी लाकडाला पात्याशी काटकोनात धरते. घरी करायला सोपी. माणूस फसतो तो सामान निवडताना.

माझी पहिली पाटी चैत्रातली. तळाला आंब्याची अखंड फळी, खाली उरल्यासुरल्या सागाच्या पट्ट्या. काटकसरीचे केवढे कौतुक वाटले होते! आषाढ लागला, तळ वाकला, पट्ट्या खाचेत अडल्या. एकदा जोराने रेटली, ती अचानक सुटली, आणि हात पात्यापासून चार बोटांवर थांबला. त्या रात्री जेवण गेले नाही.

लाकूड ओलीने रुंदीत फुगते, लांबीत जवळजवळ नाहीच. प्लायवुडचे पापुद्रे एकमेकांना आडवे चिकटवलेले असतात, म्हणून ते फारसे हलत नाही. तळाला १२ मिलिमीटरचे घ्यावे, पण आधी डोळा लावून सपाटी पाहावी. एमडीएफ सपाट खरा, पण पाणी लागताच फुगतो. पट्टीला सागच हवा, तर टोकाशी वलये उभी दिसतील असा निवडावा. त्या दिशेने तो सुमारे निम्माच फुगतो. अल्युमिनियमला पावसाचे सोयरसुतकच नाही.

आता माझ्या पट्ट्या अल्युमिनियमच्या आहेत. पाते मागच्या फळीतून बाहेर येते तिथे जाड ठोकळाही चिकटवला आहे.