भुकेल्या पिशाचांचं गणगोत

कुंभकोणमच्या पश्चिमेला, गावाला जवळजवळ लागूनच, दारासुरम आहे. दुसऱ्या राजराज चोळानं बाराव्या शतकात बांधलेलं ऐरावतेश्वराचं देऊळ पाहायला लोक इथं येतात, रथासारखा मंडप आणि त्याची दगडी चाकं डोळे भरून पाहतात. शेजारीच वीरभद्राचं देऊळ आहे. ओट्टकूत्तर या कवीची समाधी तिथं असल्याचं परंपरा सांगते. विक्रम चोळ, दुसरा कुलोत्तुंग आणि दुसरा राजराज अशा लागोपाठ तीन राजांच्या दरबारात हा कवी होता. त्याचं 'तक्कयागप्परणि' हे काव्य म्हणजे वीरभद्रानं केलेल्या दक्षयज्ञाच्या विध्वंसाची कथा. ती कालीपुढे सांगतं एक पिशाच, आणि रणात पडलेल्यांवर ताव मारतात तीही पिशाचंच.

या पिशाचांना तमिळमध्ये पेय् म्हणतात. आपल्याकडचे मुंजा, खवीस, हडळ, समंध ही सगळी कधी काळी माणसं होती. कुणाची मुंज होऊन लग्न राहिलं, कुणाचा जीव धनात अडकला. 'तक्कयागप्परणि'सारख्या, परणी नावाच्या युद्धकाव्यांतल्या पिशाचांना असा पूर्वजन्म चिकटवलेला नाही. ती कालीची प्रजा आहेत. त्यांना आया आहेत, लेकरं आहेत, पाहुणेरावळे आहेत, आणि सतत भूक आहे.

त्यांचं मूळ फार जुनं. 'तिरुमुरुगाट्रुप्पडै' या प्राचीन काव्यात रणांगणावर प्रेतांचे डोळे उकरून खाणारी आणि नाचणारी पिशाचीण येते. पण या जमातीला काळीज दिलं ते कारैक्काल अम्मैयारनं. साधारण सहाव्या शतकातली ही शिवभक्त. नवऱ्यानं टाकल्यावर तिनं देवाकडे मागणं केलं, की हे रूप आणि हे मांस काढून घे, मला पिशाचाचं शरीर दे. 63 नायन्मार संतांमध्ये तिची गणना होते, आणि या संतांच्या कथा दारासुरमच्या देवळात छोट्या शिल्पपटांवर नावांसकट कोरलेल्या आहेत. तिरुवालंगाडूच्या स्मशानावर तिनं जे रचलं, त्यात एक पिशाचीण येते. चरबी गिळलेली, कवट्यांची माळ घातलेली. ती आपल्या पोरीचं नाव काली ठेवते, तिच्या अंगावरची धूळ पुसते, तिला पाजते आणि निघून जाते. आई परत येत नाही, तेव्हा पोर रडत रडत झोपी जातं. स्मशानाच्या वर्णनात हे मूल आणून ठेवणारी बाई मला जगातल्या मोठ्या कवींच्या पंक्तीतली वाटते.

पुढे चोळांच्या भरभराटीत परणी हा काव्यप्रकार बहरला. युद्धात हजार हत्ती मारणाऱ्या वीराची परणी गावी, असा जुना संकेत, आणि काव्याला नाव मात्र हरलेल्याचं. पहिल्या कुलोत्तुंगाचा सेनापती करुणाकर तोंडैमान यानं 1110 च्या सुमारास कलिंग जिंकलं. त्यावर जयंकोंडार या कवीनं 'कलिंगत्तुप्परणि' लिहिली. ओट्टकूत्तरच्या काव्याच्या आधीची ही परणी या साऱ्या गणगोताची खरी जनगणना आहे.

रखरखीत माळावर कालीचं देऊळ, भोवती उपाशी पिशाचं. अंगावरचे केस लोंबत्या सापांसारखे, नाकपुड्यांत शेवाळ साचलेलं, कानांत घुबडं बसलेली आणि वटवाघळं ये-जा करणारी. कुणी लंगडं, कुणी आंधळं, कुणी मुकं, कुणी कुबडं. हिमालयात राहून मायाविद्या शिकून आलेलं एक म्हातारं पिशाच कालीपुढे आपली करामत दाखवतं. अचानक समोर रणांगण उभं राहतं, रक्ताचे पाट वाहू लागतात. उपाशी पिशाचं तुटून पडतात, ओंजळी भरभरून तोंडाला लावतात, आणि हाती काहीच लागत नाही. पुरे कर ही माया, म्हणून ती गयावया करतात. भुकेचं इतकं निर्दय चित्र मी फार कमी ठिकाणी वाचलं आहे.

मग खरोखरचं युद्ध होतं आणि स्वयंपाकाची गडबड उडते. आधी हत्तीच्या सुळ्यानं दात घासायचे, त्याच्या बरगडीनं जीभ खरवडायची, मेंदूच्या लगद्यानं केस चोळायचे, रक्ताच्या डोहात आंघोळ. मग नगाऱ्याची उखळ, सुळ्यांची मुसळं आणि मेलेल्यांच्या दातांचे तांदूळ. आंबील शिजते आणि पंगत बसते. ब्राह्मण पिशाच 'भवति भिक्षां देहि' म्हणत येतं. जैन पिशाच दिवसातून एकदाच जेवणारं, म्हणून त्याची आंबील केस निवडून, गाळून द्यायची. बौद्ध पिशाचही आहे. मुकं पिशाच पोटाकडे आणि मग भांड्याकडे हात दाखवतं. एक चोरटं पिशाच आंधळ्याचं ताट लपवतं, तो चाचपडत रडू लागतो, तेव्हा आज्ञा होते, त्याच्या हातातच वाढा. शेवटी घोड्यांच्या कानांचे विडे खाऊन सगळी पिशाचं चोळ राजाचा जयजयकार करतात.

समाज जसाच्या तसा इथं उतरला आहे, पंथभेदांसकट, आणि जैन-बौद्धांची टवाळी त्यात आहे हेही लपवण्यासारखं नाही. पण राजदरबारात बसून विजयाची गाथा लिहिणाऱ्या कवींनी त्या विजयाचा आनंद कुणाच्या तोंडी दिला, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. राणीच्या नाही, प्रजेच्याही नाही. कित्येक दिवसांच्या उपाशांच्या तोंडी दिला. गडगंज राज्याच्या स्तुतिकाव्यात भुकेला इतकी जागा देताना जयंकोंडारच्या डोळ्यांसमोर नुसती भुतं नसावीत, असं मला मनापासून वाटतं.

ही काव्यं आपल्यापर्यंत पोचली त्यातही कुंभकोणमच्या एका माणसाचा वाटा आहे. उ. वे. स्वामिनाथ अय्यर 1880 ते 1903 इथल्या सरकारी कॉलेजात तमिळ शिकवत. गावोगाव हिंडून ताडपत्रं गोळा करायची, पाठ ताडून पाहायचे आणि छापायचे, यातच त्यांचा जन्म गेला. पुढे मद्रासला गेल्यावर, पंचाहत्तरीच्या घरात असताना, 1930 साली त्यांनी ओट्टकूत्तरची 'तक्कयागप्परणि' जुन्या टीकेसकट प्रसिद्ध केली.