सोन्याला मज्जाव

विद्यापीठांच्या सामायिक नॅनोनिर्मिती प्रयोगशाळांविषयी मला गेली कित्येक वर्षे जे कुतूहल वाटत आले आहे, ते तेथील यंत्रांच्या सूक्ष्मतेपेक्षा त्यांच्या कारभाराविषयी अधिक आहे. इलेक्ट्रॉनांच्या झोताने रेखाटणारी यंत्रे, हजार अंशांवर तापणाऱ्या भट्ट्या आणि धूळकणांची गणती करून राखलेली हवा ही सर्व सिद्धता प्रचंड खर्चाने एकदा झाल्यावर तिचे दार कोणाही परक्या संशोधकाला, मग तो वनस्पतिशास्त्रज्ञ असो की शल्यविशारद, उघडे ठेवावयाचे आणि तरीही आत चाललेले कोणाचेच काम नासू द्यावयाचे नाही, हा व्यवहार वाटतो तितका सुकर नाही.

या व्यवहाराची पहिली मोठी कसोटी 1977 मध्ये लागली. अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनने एमआयटीसारख्या प्रबळ प्रतिस्पर्ध्याला डावलून न्यूयॉर्क राज्यातील इथाका येथील कॉर्नेल विद्यापीठाला अतिसूक्ष्म रचनांच्या राष्ट्रीय प्रयोगशाळेसाठी पाच वर्षांकरिता 50 लाख डॉलरची मंजुरी दिली. सरकारी तिजोरीतील एवढी रक्कम एकाच विद्यापीठाच्या पदरात पडावी, याचे समर्थन एकाच अटीवर होऊ शकत होते, ती अट म्हणजे बाहेरच्या संशोधकांना मुक्त प्रवेश. पुढे या प्रयोगशाळेची नावे बदलली, तिच्याभोवती स्टॅनफर्ड, हॉवर्ड, पेनसिल्व्हेनिया स्टेट आणि सांता बार्बरा येथील केंद्रांचे जाळे विणले गेले, तेही कालांतराने विस्तारले. त्या सर्व स्थित्यंतरांत येथे शिरण्याचे कारण नाही.

मला थांबावेसे वाटते ते सोन्यापाशी. सोन्याचे अणू तापलेल्या सिलिकॉनमध्ये विलक्षण वेगाने पसरतात आणि त्याच्या ऊर्जापट्टांमधील मोकळ्या जागेच्या जवळजवळ मध्यावर ठाण मांडून विद्युत्भार वाहणाऱ्या कणांचे आयुष्य खुंटवतात. जलद गतीच्या डायोडांत उद्योगाने हाच गुण हेतुपुरस्सर वापरला. परंतु ज्या भट्टीत दुसऱ्या कोणाचे ट्रान्झिस्टर घडावयाचे आहेत, तिच्यात सोन्याचा लेप दिलेली सिलिकॉनची एक चकती गेली, तर तिच्यामागून येणाऱ्या कित्येकांच्या चकत्या निरुपयोगी ठरू शकतात, आणि अपराध कोणाचा हे बहुधा उघडकीसही येत नाही. म्हणून अशा धूळमुक्त प्रयोगशाळेत, म्हणजे क्लीनरूममध्ये, चिमटे वेगळे, काचपात्रे वेगळी, भट्ट्या वेगळ्या, आणि कोणत्या यंत्रात कोणता धातू चालेल याचे नियम कडक. आपल्या घरांत जे सोने कशानेही विटाळत नाही असे मानले जाते, तेच येथे ओवळे ठरते. आपल्या समाजातील सोवळ्याने मात्र माणसे दाराबाहेर ठेवली. येथील सोवळे पदार्थापुरते आहे, आणि ते पदार्थापुरते आहे म्हणूनच अनोळखी माणसाला निर्धास्तपणे आत घेता येते. या व्यवस्थेचे खरे वैभव मला येथे दिसते.

अनोळखी माणूस आत आल्याने काय घडते, याचे सर्वांत बोलके उदाहरण जॉन सॅनफर्ड या उद्यानविद्येच्या अभ्यासकाचे आहे. कॉर्नेलच्याच, न्यूयॉर्क राज्यातील जिनिव्हा येथील कृषिसंशोधन केंद्रात तो वनस्पतिप्रजननाचे काम करीत असे आणि वनस्पतीच्या पेशीत नवे जनुक घालावे कसे, या विवंचनेत असता त्याची गाठ एडवर्ड वुल्फ यांच्याशी पडली. वुल्फ हे ह्यूज कंपनीच्या संशोधनशाळेतून आलेले, त्या सूक्ष्मरचना प्रयोगशाळेचे संचालक. पेशीची भिंत भेदण्याचे नाजूक उपाय सोडून धातूचे सूक्ष्म कण सरळ बंदुकीने तिच्यात मारावेत, असा विचार या दोघांनी केला आणि 1983 च्या अखेरीस त्यांनी लक्ष्य म्हणून निवडला तो कांदा. प्रथम कांद्याच्या चिंधड्या उडाल्या. पुढे टंगस्टनचे सुमारे चार मायक्रोमीटरचे कण पेशीला न मारता तिच्यात शिरू लागले, आणि 1987 मध्ये 'नेचर'मध्ये हे काम प्रसिद्ध झाले. या शोधात सिलिकॉनचा अंशही नव्हता, पण मायक्रोमीटरच्या मापाने विचार करण्याची सवय ज्याच्या अंगी भिनली आहे असा माणूस भेटल्यावाचून तो लागला असता, असे मला वाटत नाही. नंतर टंगस्टनच्या जागी बहुतांशी सोन्याचे कण आले, कारण सिलिकॉनला घातक असलेला हा धातू जिवंत पेशीला मात्र सोसतो. हवाईतील पपईवर वलयाकार ठिपके पाडणाऱ्या विषाणूला तोंड देणारे वाण याच बंदुकीने घडविले गेले.

या प्रकरणातील दोन दस्तऐवज मी शेजारी ठेवून पाहिले, तेव्हा एक तफावत ध्यानी आली. 'नेचर'मधील लेखावर चार नावे आहेत, क्लाइन, वुल्फ, वू आणि सॅनफर्ड. 1990 मध्ये मंजूर झालेल्या अमेरिकी पेटंटावर सॅनफर्ड आणि वुल्फ यांच्या जोडीला नेल्सन अ‍ॅलन हे तिसरे नाव येते. अ‍ॅलन हा यंत्रशाळेतील माणूस. बंदूक प्रत्यक्षात घडविण्यात त्याचा हात होता. विद्वानांच्या निबंधाने ज्याला जागा दिली नाही, त्याला कायद्याच्या कागदाने संशोधक म्हणून मान्य केले, आणि माझ्या मते कायद्याचा निवाडा अधिक न्याय्य आहे.

आपल्याकडे पवईची आयआयटी आणि बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था येथे केंद्र सरकारच्या माहिती तंत्रज्ञान खात्याच्या साहाय्याने 2006 पासून नॅनोइलेक्ट्रॉनिकीची केंद्रे उभी राहिली, आणि 2008 च्या सुमारास सुरू झालेल्या 'इंडियन नॅनोइलेक्ट्रॉनिक्स युजर्स प्रोग्रॅम'ने देशभरातील महाविद्यालयांच्या संशोधकांना सरकारी खर्चाने तेथे शिकण्याची व काम करण्याची मुभा दिली. ज्या प्राध्यापकाच्या महाविद्यालयात साधी निर्वात भट्टीही नाही, त्याला पवईच्या क्लीनरूममध्ये पांढरा झगा चढवून उभे राहता येते, ही मी गेल्या पिढीतील मोठ्या सुधारणांपैकी एक समजतो. परंतु अशा केंद्रांना आपल्याकडे पैसा मिळतो तो बहुधा प्रकल्पाच्या मुदतीपुरता, आणि भट्टीचा स्वभाव वर्षानुवर्षे ओळखणारा, नवख्याच्या हातातील चकतीवर सोने आहे की नाही हे दाराशीच विचारणारा तंत्रज्ञ तितक्याच मुदतीच्या करारावर नेमला जातो. यंत्र विकत घेताना जशी तरतूद होते, तशी या माणसाच्या कायम नेमणुकीची तरतूद पहिल्याच अंदाजपत्रकात झाली पाहिजे, आणि त्या यंत्रावर घडलेल्या कामाच्या निबंधावर त्याचे नाव आले पाहिजे.