पूची उसवलेली शिवण

आरशासमोर उभं राहून व्यायाम करणारं गुबगुबीत अस्वल खाली वाकतं आणि त्याची मागची शिवण टरकन उसवते. ते घाबरत नाही. सुटलेला दोरा ओढतं, गाठ मारतं आणि मधाच्या शोधात निघतं. डिस्नेच्या १९६६च्या ‘विनी द पू अँड द हनी ट्री’ या लघुपटातला हा प्रसंग काही सेकंदांचा आहे. पण पूच्या सिनेमांचा मागोवा घेताना तो पुन्हा पुन्हा आठवतो. पू हे जंगलातलं अस्वल नाही, कुणीतरी शिवलेलं आणि कापूस भरलेलं खेळणं आहे, हे ज्या दिग्दर्शकांनी लक्षात ठेवलं त्यांचेच सिनेमे टिकले.

मूळ गोष्टीचा सारा जीव खेळण्यांतच आहे. पूचे लेखक ए. ए. मिल्न यांनी आपल्या लहानग्या मुलाला, क्रिस्टोफर रॉबिनला, १९२१ मध्ये, त्याच्या पहिल्या वाढदिवसाला, लंडनच्या हॅरॉड्समधून टेडी आणून दिला. ‘विनी’ हे नाव आलं लंडनच्या प्राणिसंग्रहालयातल्या अस्वलीवरून. हॅरी कोलबर्न या सैन्यातल्या पशुवैद्यानं १९१४ मध्ये कॅनडातल्या व्हाइट रिव्हर स्थानकावर वीस डॉलर मोजून ती विकत घेतली होती. पिगलेट, ईयोर, कांगा, रू आणि टिगर हीसुद्धा त्या मुलाच्या खोलीतली खेळणीच. घुबड आणि ससा मात्र मिल्न यांनी मनानं घातले. पहिलं पुस्तक १९२६ मध्ये आलं, दुसरं १९२८ मध्ये. चित्रं ई. एच. शेपर्ड यांची; पूसाठी त्यांनी मिल्नपुत्राचा टेडी बाजूला ठेवून स्वतःच्या मुलाचं अस्वल समोर घेतलं.

वॉल्ट डिस्ने यांच्या मुलींना ही पुस्तकं फार आवडत. १९६१ मध्ये डिस्नेनं चित्रपटाचे हक्क मिळवले. तोवर मिल्न यांना जाऊन पाच वर्षं झाली होती. वॉल्टनी थेट मोठा चित्रपट न काढता आधी छोटे पट काढायचं ठरवलं. हा निर्णय शहाणपणाचा होता, कारण पूच्या गोष्टींना खलनायक नाही, संकटही नाही; मधाचं भांडं रिकामं होणं हीच त्यातली मोठी घटना.

दिग्दर्शक वूल्फगँग रायदरमन यांच्या पहिल्या पटावर ब्रिटिश समीक्षक खवळले. गोष्टीतला क्रिस्टोफर रॉबिन अमेरिकन उच्चारात बोलतो, पिगलेटचा पत्ता नाही आणि वर गोफर नावाचा परका प्राणी घुसलेला. गोफर स्वतःच आपण पुस्तकात नसल्याचं सांगतो. टीका रास्त होती. तरी त्याच पटात सशाच्या दारात अडकलेल्या पूचा प्रसंग पाहावा. पुस्तकातला ससा पूच्या लोंबत्या पायांवर टॉवेल वाळत घालतो. पडद्यावरचा ससा त्याच्या पार्श्वभागाला चौकट लावून, शिंगं चिकटवून तो शिकारीच्या मुंडक्यासारखा सजवतो. विनोद डिस्नेचा, पण स्वभाव मिल्न यांच्याच सशाचा.

दुसरा पट १९६८चा. पिगलेट परतला आणि टिगर उड्या मारत आला. या पटाला ऑस्कर मिळालं, पण ते स्वीकारायला वॉल्ट नव्हते. डिसेंबर १९६६ मध्येच ते गेले होते. तिसरा पट १९७४चा. हे तिन्ही जोडून ११ मार्च १९७७ रोजी ‘द मेनी ॲडव्हेंचर्स ऑफ विनी द पू’ प्रदर्शित झाला. जोडकाम म्हणून त्याला हिणवायचं कारण नाही. इथं पात्रं छापील पानांवरून चालतात, पुराचं पाणी अक्षरं वाहून नेतं. झाडावर अडकलेल्या टिगरला खाली आणायला निवेदक पुस्तकच तिरकं करतो आणि टिगर मजकुरावरून घसरत उतरतो. पुस्तकाचं रूपांतर करताना पुस्तक लपवायचं नसतं, उघडं ठेवायचं असतं, हे इतक्या आनंदानं दाखवणारे सिनेमे थोडेच. शेवटी शाळेत निघालेल्या क्रिस्टोफर रॉबिनचा निरोप येतो. तो या चित्रपटासाठी मुद्दाम जोडला, मिल्न यांच्या अखेरच्या प्रकरणावरून.

याच काळात मॉस्कोत फ्योदोर खित्रुक यांनी १९६९, १९७१ आणि १९७२ मध्ये तीन लघुपट काढले. त्यांचा विन्नी पूख तपकिरी, काळ्या पंजांचा आणि भलताच गंभीर. मागचं जंगल मुलानं खडूनं रंगवल्यासारखं. क्रिस्टोफर रॉबिन त्यात नाहीच. पूखला दिलेला येव्हगेनी लिओनव यांचा आवाज ध्वनिफितीचा वेग वाढवून चिरका केलेला. डिस्नेच्या गोंडस पूपेक्षा हा विचारमग्न पूख मिल्न यांच्या विनोदाला अधिक जवळचा वाटतो.

पुढं व्हिडिओ, मालिका आणि सणावारांचे भाग यांचा नुसता पूर आला. त्यातलं थोडंच स्मरणात राहावं असं. २०११ मध्ये डिस्नेनं पुन्हा हातानं रेखाटलेला, जेमतेम तासाभराचा देखणा चित्रपट आणला. अमेरिकेत तो हॅरी पॉटरच्या शेवटच्या भागाबरोबर एकाच दिवशी लागला आणि त्या गर्दीत हरवला. हा या साऱ्या प्रवासातला सर्वांत मोठा अन्याय.

मार्क फोर्स्टर यांच्या २०१८च्या ‘क्रिस्टोफर रॉबिन’मध्ये मोठा झालेला क्रिस्टोफर (युअन मॅग्रेगर) सामानाच्या बॅगा बनवणाऱ्या कंपनीतला दमलेला नोकरदार आहे. कथेची वळणं आधीच ओळखू येतात. पण पूची लोकर विटलेली आहे, झिजली आहे. वर्षानुवर्षं कवटाळलेलं खेळणं असंच दिसतं. दृश्य-परिणामांसाठी चित्रपटाला ऑस्कर नामांकन मिळालं, ते योग्यच.

अमेरिकेत पहिल्या पुस्तकाचा स्वामित्वहक्क २०२२च्या आरंभी संपला आणि पुढच्याच वर्षी पूला खुनी बनवणारा भयपट आला. ब्रिटनमध्ये मिल्न यांच्या मजकुरावरचा हक्क २०२६च्या अखेरीपर्यंत आहे. शेपर्ड १९७६ मध्ये वारले, त्यामुळं तिथं त्यांची चित्रं त्यानंतरही वीस वर्षं राखीव राहतील. म्हणजे २०२७ पासून तिथल्या कुणालाही मिल्न यांची गोष्ट पडद्यावर आणता येईल, पण अस्वल मात्र नव्यानं शिवावं लागेल.