ई. कोलाय सापडला, पण कोणता?

डुकराच्या पिलांचे दूध तोडले की पुढच्या एक-दोन आठवड्यांत हगवणीची साथ येते. दगावलेल्या पिलाचे आतडे तपासायला पाठवले की अहवाल येतो, ‘ई. कोलाय सापडला.’ अहवाल खरा असतो, पण त्यावरून उपचार ठरवता येत नाही, कारण धडधाकट पिलाच्या आतड्यातही ई. कोलाय असतोच. सापडलेल्या जिवाणूकडे कोणती जनुके आहेत, हे कळायला हवे. कॅनडात क्वेबेक प्रांतातल्या सँत-यासँत इथे माँट्रियल विद्यापीठाचे पशुवैद्यक महाविद्यालय आहे. तिथली ई. कोलाय प्रयोगशाळा जागतिक प्राणी आरोग्य संघटनेची संदर्भ प्रयोगशाळा आहे, आणि ती नेमके हेच शोधते. आतड्याच्या अस्तराला चिकटणारे तंतू कोणते आणि विषे कोणती, हे पीसीआर या जनुके शोधणाऱ्या चाचणीने पाहिले जाते. एफ-४ तंतूंना पिलाच्या आतड्यात जन्मापासून पकड मिळते. एफ-१८ ला मात्र पिलू थोडे मोठे झाल्यावरच. एफ-१८ च्या जोडीला शिगा-टू-ई हे विष आले, तर पिलाला अनेकदा हगवणही लागत नाही. पापण्या सुजतात, ते झिंगल्यासारखे चालते आणि अचानक मरते. ज्या व्हेरोटॉक्सिनच्या कुळातले हे विष, त्याचा पेशींवरचा परिणाम प्रथम नोंदला गेला तोही कॅनडातच, १९७७ मध्ये कोनोवाल्चुक आणि सहकाऱ्यांकडून.

एक आक्षेप रास्त आहे: जनुक सापडले म्हणजे रोग झाला असे नव्हे. म्हणूनच पिलाचे वय, जिवाणूंची दाट वाढ आणि आतड्यातल्या खुणा यांच्याशी निकाल ताडून पाहावा लागतो. दुसरा आक्षेप वेळेचा. आजारी पिलाला क्षार-पाणी ताबडतोब द्यायलाच हवे, त्यासाठी अहवालाची वाट पाहू नये. पण पुढची खेप वाचवायची तर प्रकार कळल्याशिवाय गत्यंतर नाही. क्वेबेकमध्ये विकसित झालेली तोंडावाटे द्यायची एफ-४ ची लस एफ-१८ पुढे निरुपयोगी ठरते. युरोपात दोन्हींवर चालणारी लस २०१७ मध्ये वेगळी मंजूर करावी लागली. प्रकार ठाऊक नसला की हात प्रतिजैविकांकडेच जातो. माणसांच्या उपचारात महत्त्वाची असलेली प्रतिजैविके जनावरांसाठी पशुवैद्यकाच्या चिठ्ठीशिवाय मिळणे कॅनडाने डिसेंबर २०१८ पासून बंद केले, भारताने २०१९ मध्ये पशुपालनात कोलिस्टिनवर बंदी घातली. दोन्ही निर्णय योग्यच. पण औषध काढून घेतल्यावर गोठ्यातल्या माणसाच्या हाती अचूक निदान द्यायलाही हवे. आपल्याकडे चार दिवसांच्या आतल्या वासराला लागलेली हगवण एफ-५ तंतूंच्या ई. कोलायची निघाली, तर गाभण गाईला विण्यापूर्वी लस देऊन चिकातून वासराला संरक्षण देता येते. तीच हगवण रोटाव्हायरसची असेल, तर त्याच्यावर कोणतेही प्रतिजैविक चालत नाही.