कुटुंब नियोजनाचा खर्च: विमा देत नाही, मग कोण देतं?

‘आमच्याकडे आयुष्मान कार्ड आहे, त्यात तांबी बसेल का?’ असं रुग्ण अनेकदा विचारतात. कार्डावर नाही, पण कार्ड नसलं तरी ती फुकट बसवून मिळते. हे नीट समजून घेतलं तर तुमचे पैसे वाचतील, आणि नको असलेली गर्भधारणाही टळेल.

सर्वांसाठी आरोग्य सेवा म्हणजे गरजेची सेवा प्रत्येकाला मिळावी आणि तिच्यापायी घर कर्जात जाऊ नये. आपल्याकडे त्यासाठीचा पैसा दोन वेगळ्या वाटांनी येतो. आयुष्मान भारत आणि महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना मुख्यतः दवाखान्यात भरती होऊन घ्यायच्या उपचारांसाठी आहेत. कुटुंब नियोजनाचा राष्ट्रीय कार्यक्रम त्यांच्या कितीतरी आधीचा, १९५२ सालचा. त्याची साधनं सरकार स्वतः विकत घेऊन आरोग्य केंद्रांपर्यंत पोहोचवतं.

खासगी विम्याचं काय?

तुमच्या पॉलिसीत ‘काय मिळणार नाही’ ही यादी उघडा. बहुतेक पॉलिसींमध्ये गर्भनिरोधक, नसबंदी आणि नसबंदी उलटवण्याची शस्त्रक्रिया वगळलेली असते. बाळंतपण मिळतं म्हणून हेही मिळेल असं धरून चालू नका. नोकरीच्या ठिकाणची सामूहिक पॉलिसी असेल तर मात्र कार्यालयात विचारा, तिथे अटी वेगळ्या असू शकतात.

फुकट काय मिळतं?

निरोध, रोजच्या ‘माला-एन’ गोळ्या, ‘छाया’ गोळी (पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, नंतर एकदा), दर तीन महिन्यांनी घ्यायचं ‘अंतरा’ इंजेक्शन, पाच आणि दहा वर्षांची तांबी, आणि स्त्री-पुरुष दोघांचीही नसबंदी. बाळंतपणानंतर ४८ तासांच्या आत तिथेच तांबी बसवता येते, म्हणजे पुन्हा खेप नको. आशाताई घरी आणून देतात तेव्हा त्या तीन निरोधांसाठी किंवा गोळ्यांच्या एका पाकिटासाठी एक रुपया घेऊ शकतात. महाराष्ट्रात १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत केस पेपरचेही पैसे लागत नाहीत.

‘फुकटचं म्हणजे हलकं’ हा समज सोडा. ‘अंतरा’मध्ये असतं तेच औषध खासगी दवाखान्यात पैसे देऊन टोचलं जातं. उलट माझी काळजी वेगळी आहे. खासगीत हे इंजेक्शन सुरू केलं की वर्षाला चार वेळा पैसे मोजावे लागतात. घरात ओढाताण झाली की आधी तेच राहून जातं, आणि बाई ते घरात बोलतही नाही. असं होणार असेल तर आपल्या डॉक्टरांना स्पष्ट सांगा आणि पुढचा डोस आरोग्य केंद्रात घ्या. हार्मोनची कॉइल मात्र या फुकटच्या यादीत नाही, ती स्वतःच्याच खर्चाने बसवावी लागते.

बुडालेली मजुरी

ऑपरेशन फुकट असलं तरी रोजंदारी बुडते. म्हणून सरकारी किंवा मान्यताप्राप्त खासगी रुग्णालयात नसबंदी केल्यावर मोबदला मिळतो. तो राज्य आणि प्रवर्गानुसार बदलतो, तेव्हा आधीच विचारून घ्या आणि बँक पासबुक सोबत न्या. ईएसआय कार्ड असलेल्या कामगाराला नसबंदीसाठी पूर्ण वेतनाची रजा आहे: पुरुषाला ७ दिवस, स्त्रीला १४ दिवस. पुरुषाची बिनटाक्याची शस्त्रक्रिया सोपी, आणि त्याच दिवशी घरी जाता येतं. तरीही २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशात स्त्री नसबंदी ३७.९ टक्के आणि पुरुष नसबंदी ०.३ टक्के होती. हा पैशांचा हिशेब नक्कीच नाही.

आणखी एक गोष्ट. नसबंदीसाठी नवऱ्याची सही लागत नाही. ती मागितली तर वैद्यकीय अधिकाऱ्यांना भेटा.

ऑपरेशन फसलं तर?

क्वचित फसतं. तेव्हा राष्ट्रीय भरपाई योजनेतून गर्भ राहिल्यास ६०,००० रुपये, गुंतागुंतीच्या उपचारासाठी ५०,००० रुपयांपर्यंत आणि घरी सोडल्यापासून सात दिवसांत मृत्यू झाल्यास कुटुंबाला ४ लाख रुपये मिळतात. दावा ९० दिवसांच्या आत करायचा असतो. त्यासाठी नसबंदीचं प्रमाणपत्र हाताशी हवं. ते ऑपरेशनच्या दिवशी मिळत नाही. स्त्रीला साधारण महिन्याभरानंतर किंवा पुढची पाळी आल्यावर, पुरुषाला तीन महिन्यांनी वीर्यतपासणीत शुक्रजंतू नाहीत हे दिसल्यावर देतात. तोपर्यंत पुरुषाने निरोध वापरायचाच. प्रमाणपत्र आणायचं राहिलं असेल तर या आठवड्यात जाऊन घ्या.

नसबंदीनंतर पाळी चुकली तर दोन आठवड्यांच्या आत त्याच रुग्णालयात जा. तिथे गर्भ असल्याचं ठरलं आणि तुम्हाला तो नको असेल, तर गर्भपातही मोफत करून मिळतो.