ताप एक, कारणें अनेक

पावसाळा लागला कीं बारामती-इंदापूरकडे घरोघर ताप येतो, आणि ‘हिवतापच असेल’ असें म्हणून आपण मोकळे होतों. वस्तुतः ताप ही रोगाची केवळ वर्दी होय. रोग कोणता, हें अंगास हात लावून कळत नाहीं.

शेजारच्या पुरंदर तालुक्यांतील बेलसरचें उदाहरण आम्हांस फार बोलकें वाटतें. २०२१ च्या जुलैंत तेथें तापाची सांथ आली. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेनें रक्ताचे नमुने तपासले, तों पुष्कळांस चिकुनगुनिया, कांहींस डेंग्यू व एका स्त्रीस झिका निघाला. महाराष्ट्रांत झिकाची नोंद ही पहिलीच. हे तिन्ही रोग दिवसा चावणाऱ्या एडिस डासापासून होतात, व तो घरांतील सांठवणीच्या स्वच्छ पाण्यांत वाढतो. नीरेच्या कालव्यास बोल लावण्यापूर्वीं आपला रांजण पाहावा!

उसाच्या फडांत मात्र निराळी भीति आहे. उंदरांच्या मूत्रानें दूषित झालेल्या चिखलांत अनवाणी राबणाऱ्यास लेप्टोस्पायरोसिस जडतो. गवतांतील बारीक किडीच्या चाव्याची काळी खपली अंगावर दिसल्यास स्क्रब टायफसचा संशय येतो. ‘शेतांत गेलां होतां काय?’ असें डॉक्टर विचारतात तें यासाठींच.

ताप किती दिवसांचा, हेंही त्यांस नीट सांगावें. हिवतापाचे जंतू रक्ताच्या थेंबांत सूक्ष्मदर्शकाखालीं दिसतात; डेंग्यूच्या विषाणूचा अंश पहिल्या ५ दिवसांत सांपडतो, प्रतिद्रव्यें मागाहून. विषमज्वराचे जंतू रक्तांतून वाढवून पाहावे लागतात, आणि आधींच प्रतिजैविक पोटांत गेलें असल्यास ते बहुधा हातीं लागत नाहींत. डेंग्यूचा संशय फिटेपर्यंत ॲस्पिरिन देऊं नये. त्यानें रक्तस्रावाचा धोका वाढतो.