रोजच्या रस्त्याला किती अश्वशक्ती लागते?

सपाट, कोरड्या रस्त्यावर ताशी 100 किलोमीटरने चाललेल्या स्पोर्ट्‌स कारला तो वेग नुसता टिकवायला किती ताकद लागत असेल? गाडीचं वजन चालकासकट 1680 किलो धरू. टायर दबत-फिरत जातात त्याचा रोध साधारण 180 न्यूटन आणि हवेचा साधारण 370 न्यूटन. बेरीज झाली 550. तिला सेकंदाला 27.8 मीटर या वेगाने गुणलं की उत्तर येतं 15 किलोवॉट, म्हणजे जेमतेम 20 अश्वशक्ती. ताशी 50 किलोमीटरला पाच अश्वशक्ती पुरतात. समृद्धी महामार्गावरच्या ताशी 120 च्या मर्यादेला टेकून चालवली तरी 32 च्या वर जायचं कारण नाही.

हा हिशेब आधी मांडला, कारण स्पोर्ट्‌स कार घेणाऱ्याच्या डोक्यात दुसरेच आकडे असतात. 310 की 435? साधं इंजिन घ्यावं की मोठं? गाडी फक्त रविवारी बाहेर काढायची असेल किंवा ट्रॅकवर न्यायची असेल तर हा प्रश्न सोपा आहे. पण तीच गाडी रोज ऑफिसला न्यायची, मुलांना शाळेत सोडायचं, दूध-भाजी आणायची, तर मात्र भौतिकशास्त्राला विचारल्याशिवाय उत्तर देऊ नये.

उदाहरण फोर्ड मस्टँगचं घेऊ, कारण या गाडीत हा पेच जन्मापासून आहे. 17 एप्रिल 1964 रोजी न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात ती लोकांसमोर आली, तेव्हा तिच्या साध्या रूपात 2.8 लिटरचं सहा सिलिंडरचं इंजिन होतं, ताकद शंभरच्या आसपास. ज्यांना हवं त्यांच्यासाठी जास्तीचे पैसे भरून आठ सिलिंडरचं व्ही-8. पहिल्याच वर्षात चार लाखांहून जास्त गाड्या खपल्या. पुढे 2015 च्या पिढीत हा पेच सर्वांत चुरशीचा झाला. एका बाजूला 2.3 लिटरचं, चार सिलिंडरचं, हवा दाबून भरणारं टर्बो इंजिन, इकोबूस्ट: 310 अश्वशक्ती, 434 न्यूटन-मीटर टॉर्क. दुसऱ्या बाजूला मस्टँगच्या जीटी या रूपातलं 5 लिटरचं व्ही-8: 435 अश्वशक्ती, 542 न्यूटन-मीटर. अमेरिकेत दोन्हींच्या किमतीत सुमारे सात हजार डॉलरचा फरक होता. त्याच मालिकेत 3.7 लिटरचं व्ही-6 सुद्धा मिळायचं, पण खरी लढत या दोघांची.

कागदावर व्ही-8 सव्वाशे अश्वशक्तींनी पुढे आहे. मात्र वरच्या हिशेबातल्या 20 अश्वशक्ती तिच्या कमाल ताकदीच्या पाच टक्केही भरत नाहीत. म्हणजे रोजच्या वापरात हे इंजिन आपल्या क्षमतेच्या तळाशीच राबणार. आणि पेट्रोल इंजिन सर्वांत वाईट काम करतं ते नेमकं तिथेच.

पेट्रोल आणि हवा यांचं प्रमाण इंजिनाला ठरलेलं ठेवावं लागतं. त्यामुळे ताकद कमी हवी असली की नुसतं पेट्रोल कमी करून भागत नाही, हवाही कमी करावी लागते. ते काम थ्रॉटलची झडप करते. ती जवळपास मिटलेली असते, आणि पिस्टन खाली जाताना हवा ओढतो ती या अरुंद फटीतून. सुई नसलेली सिरिंज घ्या, तोंडावर बोट दाबून धरा आणि दट्ट्या ओढून पाहा. हाताला जो ताण जाणवतो तोच ताण प्रत्येक पिस्टन प्रत्येक खेपेला सोसत असतो, आणि तो सोसायला लागणारी ऊर्जा पेट्रोलमधूनच येते. इंजिन जितकं मोठं आणि काम जितकं हलकं, तितकी झडप जास्त मिटलेली. पाच लिटरच्या इंजिनाला 20 अश्वशक्तींपुरतं राबवायचं म्हणजे त्याचा श्वास कोंडूनच राबवायचं.

दुसरा खर्च घर्षणाचा. आठ पिस्टन, त्यांच्या रिंगा, बेअरिंगं, 32 झडपा, चार कॅमशाफ्ट हे सगळं गाडी हळू चालली म्हणून थांबत नाही. दोन्ही इंजिनांचं घर्षण दर लिटरमागे सारखंच, साधारण एक बार दाबाइतकं, धरलं तर मिनिटाला 2000 फेऱ्यांना व्ही-8 केवळ स्वतःला फिरवायला सुमारे 8 किलोवॉट खातं, 2.3 लिटरचं इंजिन चाराच्या आत. शहरात ताशी 50 ने जाताना इंजिन 1300 फेऱ्यांवर आहे असं समजा. गाडी ढकलायला पावणेचार किलोवॉट लागतात आणि व्ही-8 च्या पोटातल्या घर्षणाला पाचाच्या वर. गाडी चालवण्यापेक्षा इंजिन चालवण्यातच जास्त ऊर्जा जाते. हे गणित ढोबळ आहे, पण दिशा नेमकी दाखवतं.

सिग्नलला उभ्या गाडीचा हिशेब तर याहून उघड आहे. अमेरिकेच्या ऊर्जा विभागाने प्रसिद्ध केलेल्या आकड्यांनुसार दोन लिटर इंजिनाची छोटी सेडान नुसती उभी राहून तासाला सुमारे 0.6 लिटर पेट्रोल जाळते, 4.6 लिटरची मोठी सेडान सुमारे दीड लिटर. एअर कंडिशनर बंद असताना. ट्रॅफिकमध्ये रोज पाऊण तास अडकणाऱ्याने हा फरक महिन्याच्या हिशेबात मांडून पाहावा.

आता आपला नेहमीचा प्रश्न: ॲव्हरेज किती देते? अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या चाचणीत 2015 ची ऑटोमॅटिक इकोबूस्ट शहरात गॅलनला 21 मैल गेली, म्हणजे लिटरला 8.9 किलोमीटर. जीटी 16 मैल, म्हणजे 6.8 किलोमीटर. शहर आणि महामार्ग मिळून 25 आणि 19 मैल. वर्षाला 24 हजार किलोमीटर गाडी चालली तर जीटी इकोबूस्टपेक्षा सातशेहून जास्त लिटर पेट्रोल अधिक पिते. मात्र एक गोष्ट इथेच सांगायला हवी. छोट्या टर्बो इंजिनाचं हे ॲव्हरेज उजव्या पायाच्या शिस्तीवर टिकतं. टर्बोला सतत राबायला लावलात तर आतलं तापमान आटोक्यात ठेवण्यासाठी पेट्रोलचं प्रमाण वाढवावं लागतं आणि कमावलेलं सगळं निघून जातं. शिवाय दाब जास्त असल्याने पेट्रोल अवेळी पेटण्याचा, म्हणजे नॉकिंगचा धोका वाढतो. म्हणून जाहीर केलेली पूर्ण ताकद उंची ऑक्टेनच्या पेट्रोलवरच मिळते. स्वस्त पेट्रोल भरलं की संगणक ठिणगी उशिरा टाकून इंजिन वाचवतो आणि ताकद उतरते.

पण नुसता वेग टिकवणं म्हणजे गाडी चालवणं नव्हे, पिकअपचं काय, असं कुणीही विचारेल. विचारायलाच हवं. सिग्नल सुटल्यावर आठ सेकंदांत ताशी 60 गाठायचे, हा शहरातल्या मानाने चांगलाच चपळ वेग. त्यासाठी गाडीला 233 किलोज्यूल ऊर्जा द्यावी लागते, म्हणजे सरासरी 40 अश्वशक्ती आणि शेवटच्या क्षणी सुमारे 80. दोन्ही इंजिनांकडे याच्या कित्येक पट साठा आहे.

आणि त्या साठ्याला एक कुलूप आहे, ते टायरचं. मस्टँगची मागची चाकं ढकलतात. कोरड्या डांबरावरची पकड चांगली धरली, जोर लावताना वजन मागे सरकतं तेही जमेस धरलं, तरी ताशी 50 च्या वेगाला मागचे टायर साधारण 155 अश्वशक्तीच रस्त्यावर उतरवू शकतात. त्याच्या पुढचा जोर चाक घसरण्यात जातो. रस्ता ओला असेल तर हाच आकडा 80 वर येतो. ताशी 30 ला आणखी कमी, कारण ढकलण्याचं बळ तेवढंच राहिलं तरी शक्ती वेगाच्या प्रमाणात बदलते. म्हणजे पावसाळी सकाळी वस्तीतल्या रस्त्यावर 310 आणि 435 यांतला फरक टायरपर्यंत पोचतच नाही. चाक घसरू न देणारा ट्रॅक्शन कंट्रोल दोघांचाही गळा एकाच जागी आवळतो. तो फरक उमलतो ताशी 80-100 च्या पुढे, आणि तिथे कायद्याची मर्यादा येऊन ठेपलेली असते.

मग व्ही-8 घेणारे सगळे चुकतात का? नाही. पण ते ज्या गोष्टीसाठी पैसे मोजतात ती वेग नसते.

पहिली गोष्ट म्हणजे तत्परता. टर्बो फिरतो तो इंजिनातून निघालेल्या धुराच्या जोरावर. कमी फेऱ्यांना धूर कमी, म्हणून टर्बो सुस्त. पाय दाबल्यावर आधी धूर वाढणार, मग टर्बाइन वेग घेणार, मग हवेचा दाब चढणार आणि त्यानंतर टॉर्क. फोर्डने या इंजिनात दुहेरी मार्गाचा, ट्विन-स्क्रोल टर्बो वापरला. दोन-दोन सिलिंडरांचा धूर वेगळ्या वाटेने टर्बाइनवर नेला की एकाचा झोत दुसऱ्याच्या आड येत नाही, आणि हा विलंब बराच कमी होतो. तरी संपत नाही. व्ही-8 ला मात्र हवा बाहेरून ढकलून घ्यायची नसते. झडप उघडली की पाच लिटरचं पोट भरायला निमिष पुरतं. गर्दीतून शेजारच्या लेनमध्ये शिरताना पायाचा इशारा आणि गाडीचं उत्तर यांत अंतर नसणं ही चैनीची गोष्ट नाही, त्याने चालवणाऱ्याला खरा भरवसा मिळतो. या एका मुद्द्यावर मी व्ही-8 ला निर्विवाद वरचा नंबर देतो.

दुसरी गोष्ट आवाज आणि सुरळीतपणा. मिनिटाला 2000 फेऱ्यांना चार सिलिंडरच्या इंजिनात सेकंदाला 67 स्फोट होतात, आठ सिलिंडरच्या इंजिनात 133. या व्ही-8 मध्ये क्रँकशाफ्टची वळणं एकमेकांशी काटकोनात असल्याने एका बाजूच्या चार सिलिंडरांचे स्फोट समान अंतराने होत नाहीत, मध्येच दोन लागोपाठ येतात. अमेरिकन व्ही-8 ची ती घुमणारी, अडखळत चालल्यासारखी गुरगुर याच असमानतेतून येते. गंमत अशी की याच रचनेमुळे इंजिनाचा कंप जवळपास पूर्ण तोलला जातो. चार सिलिंडरच्या सरळ इंजिनात मात्र फेऱ्यांच्या दुप्पट वारंवारतेचा कंप मुळातच असतो. इकोबूस्टच्या केबिनमध्ये इंजिनाचा आवाज स्पीकरमधून भरून काढण्याची सोय फोर्डला करावी लागली. ज्याच्या कानाला हे खटकतं त्याला ॲव्हरेजचे आकडे दाखवून उपयोग नाही, आणि दाखवूही नयेत. आवडीला किंमत असते.

रोजच्या छोट्या फेऱ्यांचा परिणाम मात्र कमी लोक लक्षात घेतात. त्या पिढीतल्या व्ही-8 मध्ये सुमारे साडेसात लिटर ऑइल मावतं, इकोबूस्टमध्ये सुमारे साडेपाच. काट्यावर पाणी गरम झालेलं दिसलं तरी ऑइल मागेच असतं. धातू जास्त, ऑइल जास्त आणि काम हलकं, त्यामुळे दहा मिनिटांच्या फेरीत मोठं इंजिन आतून धड तापतच नाही. ऑइलमध्ये उतरलेलं पाणी आणि न जळलेलं पेट्रोल उडून जायला जी उष्णता हवी ती मिळत नाही. घरापासून चार किलोमीटरवर ऑफिस असलेल्या माणसाने व्ही-8 घेतलीच, तर आठवड्यातून एकदा ती लांबवर न्यावी आणि ऑइल वेळेआधी बदलावं. उलट बाजूही सांगतो. 2015 च्या इकोबूस्टमध्ये पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारलं जातं, त्यामुळे आत येणाऱ्या हवेच्या झडपा पेट्रोलने धुतल्या जात नाहीत आणि त्यांच्यावर काजळी धरू शकते. त्या वर्षीच्या व्ही-8 मध्ये फवारा झडपेच्या मागे होता, तिथे ही कटकट नव्हती.

दोन्ही गाड्यांच्या वजनातला फरक 75-80 किलोंचा, आणि तो बहुतेक पुढच्या चाकांवर. इकोबूस्टचं नाक वळणात जास्त आज्ञाधारक वाटतं ते यामुळे.

भारतात हा प्रश्न उभा राहिलाच नाही. जुलै 2016 मध्ये मस्टँग इथे आली ती फक्त 5 लिटरच्या व्ही-8 मध्ये आणि ऑटोमॅटिक, दिल्लीत एक्स-शोरूम 65 लाखांना. पुण्या-मुंबईच्या गर्दीत ज्यांनी ती रोज चालवली त्यांनी वर सांगितलेला प्रत्येक खर्च निमूट सोसला आहे. निवड खरी आहे ती अमेरिकेत राहणाऱ्या आपल्या मंडळींना, न्यू जर्सीत किंवा कॅलिफोर्नियात रोज तास-तासभर गाडीत घालवणाऱ्यांना.

त्यांच्यासाठी माझं मत स्वच्छ आहे. एकच गाडी असेल आणि ती रोज चालायची असेल, तर साधं इंजिन घ्या. उरलेल्या पैशांतला काही भाग परफॉर्मन्स पॅकेजवर खर्च करा: 2015 च्या इकोबूस्टवर त्यात मोठे ब्रेक, मोठा रेडिएटर आणि जास्त पकडीचे टायर मिळत. हे टायर उन्हाळी असतात, तेव्हा बर्फाच्या प्रदेशात हिवाळी टायरांचा दुसरा संच बाजूला ठेवावाच लागेल. ब्रेक आणि टायर ताशी 40 लाही कामाला येतात, शेवटच्या सव्वाशे अश्वशक्ती येत नाहीत. घरात दुसरी गाडी असेल आणि आवाजासाठीच मन ओढ घेत असेल, तर मात्र मागेपुढे न पाहता व्ही-8 घ्या.

आणि टेस्ट ड्राइव्ह शोरूमवाला नेईल त्या मोकळ्या रस्त्यावर घेऊ नका. सकाळी ऑफिसच्या वेळी, आपल्या रोजच्याच रस्त्यावर, दोन्ही गाड्या एकामागोमाग चालवून पाहा. शक्य असेल तर पावसात.